आळ आणि अळी

डच भाषेत पतंगाला 'मॉट' म्हणतात आणि भांडणालाही 'मॉट'च म्हणतात. हे मला माझ्या मुलीनं सांगितलं, तेही आमच्या मजल्यावर दोन्ही प्रकारचे मॉट एकाच आठवड्यात येऊन दाखल झाल्यावर. "आई, इट्स अ‍ॅक्च्युअली फनी," ती म्हणाली. मला तेव्हा काडीचंही हसू आलं नाही. उलट तिच्यावरच खेकसले आणि आधीच पुसून ठेवलेली घरघंटी पुन्हा पुसायला घेतली.

पतंग म्हणजे मांजा लावून उडवायचा तो नव्हे. धान्यात होतो तो, बोटाच्या नखाएवढा. आमच्याकडे त्याला वेगळं नाव नव्हतं, नुसतं 'पाखरू' म्हणायचे. डाळीला पाखरं लागली, पिठात पाखरं झाली. असं म्हणून डबा उन्हात ठेवायचे आणि विषय संपायचा. इथे एक तर ऊन नाही, आणि विषय लवकर संपत नाही.

घरघंटीबद्दल आधी सांगायला हवं, कारण सगळं प्रकरण येऊन पडणार होतं ते तिच्यावर. नवऱ्याला अ‍ॅमस्टरडॅमला आयटीतली नोकरी लागली आणि कंपनीनं सामान हलवायचा खर्च दिला, तेव्हा ओळखीच्या बायकांनी काय काय आणलं म्हणून सांगू! कुणी सोफा आणला, कुणी शिसवी पलंग आणला, एकीनं तर कड्यांसकट झोपाळा आणला आणि तो टांगायला छतच नाही म्हणून आजतागायत स्टोअररूममध्ये ठेवलाय. मी घरघंटी आणली. लोक हसले. मी 'डिपेंडंट' म्हणून आले होते, म्हणजे कागदोपत्री मीही नवऱ्याच्या सामानातच जमा होते. पहिली दोन वर्षं मी अर्ज केले आणि नकार वाचले. मग एका मैत्रिणीनं भाजणी मागितली. तिच्याकडे थालीपीठ खाल्लेल्या बाईनं मागितली. मग हार्लेमहून एक कुटुंब ज्वारी घेऊन आलं, ग्रोनिंगनला शिकणाऱ्या मुलींनी नाचणीचं पीठ पोस्टानं मागवलं, आणि बघता बघता शनिवार हा माझा दळणाचा दिवस झाला. फ्रिजशेजारी पिशव्या ओळीनं उभ्या राहायच्या. मी रीतसर नोंदणी केली. माझ्या स्वतःच्या नावावर या देशात जे पहिलं काही झालं, ते म्हणजे हे पीठ.

आम्ही राहतो अ‍ॅमस्टरडॅमच्या झुइडओस्ट भागातल्या एका जुन्या लांबलचक इमारतीत. मजल्यावरची सगळी दारं एकाच उघड्या गॅलरीत उघडतात, त्यामुळे कुणाकडे काय शिजतंय, कोण रुसलंय, कुणाचं पार्सल आलंय, हे सगळ्यांना कळतं. आमच्या एका बाजूला घाना देशातल्या एक बाई आहेत, आवाजानं खणखणीत आणि मनानं मोकळ्या. दुसऱ्या बाजूला एक डच गृहस्थ. जन्मभर मेट्रो चालवून निवृत्त झालेले, इतके उंच की आमच्या दारात उभे राहिले की गॅलरीतला उजेड अडतो. इथे शेजाऱ्याला 'ब्यूरमन' म्हणतात आणि शेजारणीला 'ब्यूरव्राउ'. आम्ही एकमेकांना तेवढंच म्हणतो. बायको गेल्यापासून त्यांची सोबत म्हणजे बाल्कनीत दाणे टिपायला येणारे पक्षी, आणि रहिवासी समितीचं प्रमुखपद. दुसऱ्या सोबतीनं त्यांना पहिल्यापेक्षा जास्त त्रास दिला असणार.

त्या वर्षी उन्हाळा लांबला होता. घानाच्या बाईंना स्वयंपाकघराच्या छताला पाखरं दिसली. मग पलीकडच्या घरात, मग कोपऱ्यावरच्या. आमच्याकडेही संध्याकाळी दिव्याभोवती एखाद-दुसरं फिरायचं. मी चपलेनं उडवलं आणि विसरून गेले.

मग एक दिवस ब्यूरमन दारात आले. हातात जॅमची रिकामी बाटली, आत एक पाखरू.

"ब्यूरव्राउ, हे काय आहे ठाऊक आहे?"

"मॉट."

"इंडिशे मेलमॉट," ते म्हणाले. "मी पुस्तकात शोधलं. पिठात होतात. तुमच्याकडे पिठाचं मशीन आहे, तेव्हा बहुतेक तुमच्याकडूनच येत असावेत. मजल्यावर सगळ्यांना मी तसं सांगितलंय. समितीच्या बैठकीत विषय घेतोय. तोवर मशीन बंद ठेवलंत तर बरं होईल. पुढचं बैठकीत ठरेल, मशीन ठेवायचं की नाही ते."

एवढं सगळं त्यांनी अगदी सरळ आवाजात सांगितलं, उद्या पाणी येणार नाही असं सांगावं तसं. डच माणूस आडपडदा ठेवत नाही. आपल्याकडे 'सहज आले होते' म्हणून बसतात, चहा पितात आणि निघताना उंबरठ्यावर बाण सोडतात. इथे बाण आधी, चहा मिळाला तर नंतर.

माझ्या कानात मात्र त्यातला एकच शब्द अडकला होता. इंडिशे. इंडियातलं पाखरू, म्हणजे इंडियातल्या बाईच्या घरचं, आणखी कुणाचं असणार! माझं डोकं सणकलं. इथल्या भाषेच्या वर्गात आमच्या बाईंनी घोकून घेतलं होतं की 'इंडिश' म्हणजे जुन्या डच वसाहतीतलं, आताच्या इंडोनेशियातलं. भारतातलं ते 'इंडियास'. लोक सर्रास चुकतात आणि मी आजवर प्रत्येक वेळी सोडून दिलं होतं. त्या दिवशी नाही सोडलं.

"मी इंडिश नाही," मी डचमध्ये ठणकावलं. "मी इंडियास आहे!"

ब्यूरमन बाटलीकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. आत्ता आठवलं की माझं मलाच हसू येतं. जणू पाखराचा पासपोर्ट तपासला की मी सुटणार होते. पण त्यांनी ते वाक्य मनावर घेतलं, हे मला पुढे कळलं. त्या क्षणी ते फक्त "हं" म्हणाले आणि गेले, आणि मी दार जरा जोरातच लावलं.

घरघंटी बंद झाली. मी मैत्रिणींना मेसेज केले, आलेल्या पिशव्या परत दिल्या. कारण विचारलं तर 'मशीन बिघडलंय' म्हणून सांगितलं. घानाच्या बाई, ज्या एरवी अर्ध्या गॅलरीतून हाक मारायच्या, त्या आता दोन बोटं हलवून आत जायच्या. कुणी काही बोललं नाही. अळी बोटभरसुद्धा नसते हो, पण आळ घरभर पसरतो. मी सगळे डबे उपसले, कपाटाच्या फटी टूथपिकनं कोरल्या, धान्य पिशव्या भरभरून फ्रीझरमध्ये कोंबलं, बर्फाचा ट्रे ठेवायला जागा उरली नाही. आणि हे करताना मला सारखं वाटत होतं की मी हे आधी कधीतरी केलंय. मी नव्हतं केलं. आईनं केलं होतं.

आईच्या गावात एकच गिरणी होती. गिरणीसमोर डब्यांची रांग लागायची. बौद्धवस्तीतल्या पोरी डोक्यावर डबा घेऊन सकाळीच यायच्या, रांगेत डबा ठेवायच्या, आणि तो डबा मागे सरकायचा. गिरणीवाला हात न लावता पायानं सरकवायचा. नंतर आलेल्यांचं आधी, यांचं सगळ्यात शेवटी. कारण काय, तर म्हणे 'तुमच्या धान्यात किडे असतात, मागच्यांच्या पिठात जातात.' वर हसून म्हणायचा, 'गव्हाबरोबर किडे रगडले जातात, ठाऊक आहे ना?' आणि माझी आजी तर असं धान्य निवडायची की सुपात खडा सोडा, फुटका दाणा राहायचा नाही. त्या स्वच्छ ज्वारीचा डबा घेऊन माझी आई, तेव्हा दहा-अकरा वर्षांची, दिवसभर गिरणीच्या पायरीखाली बसायची. कधी तिचा नंबर येईतो वीज जायची. मग आख्खी ज्वारी घेऊन परत यायचं, आणि रात्रीला कण्या.

आई शिकली, पुण्यात नर्स झाली. पगारातून तिनं घरात पहिली मोठी वस्तू घेतली ती घरघंटी. फ्रिज नंतर आला, टीव्ही त्याहून नंतर. वडील म्हणायचे, "अगं, खाली गिरणी आहे की!" आई म्हणायची, "असू दे." मी निघाले तेव्हा तिनंच नवी घेऊन दिली, आणि पोचल्यावर पहिल्या शनिवारी व्हिडिओ कॉलवर ती चालू झालेली बघितली. तेव्हापासून तसाच रिवाज पडला. शनिवारी मी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायचे, घंटी चालायची, आणि आई तिकडे भाजी निवडत बसायची. आवाजात एक अक्षर ऐकू यायचं नाही. तरी ती बसायची.

म्हणून तिला हे सांगायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण शनिवार आला.

"आज घंटी का गं गप्प?"

मी दोन थापा मारून पाहिल्या. तिला थापा कळतात. मग सगळं सांगितलं. मला वाटलं, चिडेल, रडेल. तिनं गवारीच्या शेंगेची शीर काढली आणि विचारलं, "तुझ्या पिठात जाळी दिसली का?"

"नाही."

"ज्वारीत? दाण्यांत? सांदीकोपऱ्यात?"

"कुठ्ठं नाही गं. सगळं उपसलं."

"मग तुझं नाही ते. पाखरू काय, कुठूनही येतं. जिथं जाळी, तिथं त्याचं घर."

"पण हे इथे कोण ऐकणार, आई?"

"हां," ती म्हणाली. "ते कुणी ऐकत नाही." आणि गवारीचा भाव सांगायला लागली.

तिच्या त्या 'हां'चा मला जेवढा राग आला तेवढा ब्यूरमनांचाही आला नव्हता. माझ्या आईनं सत्तरीत, पुण्यातल्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून इतक्या सहज मान्य करावं की कुणी ऐकत नाही! मी फोन ठेवला आणि दुकानातून चिकट सापळे आणले. पुठ्ठ्याची छोटी तिकोनी घरं असतात, त्यांच्या वासाला नर पाखरं येऊन चिकटतात. स्वयंपाकघरात लावली, घरघंटीजवळ लावली. काही दिवसांनी बघितलं तर दोन-चार चिकटली होती. घानाच्या बाईंच्या खिडकीतला सापळा मला गॅलरीतून दिसायचा, तो गच्च भरला होता. मी माझा पुठ्ठा उचलला आणि तडक ब्यूरमनांची बेल वाजवली.

"हे बघा," मी म्हटलं. "पिठाच्या मशीनच्या शेजारी लावला होता. मोजा."

त्यांनी मोजली नाहीत. मला आत बोलावलं, खिडकीजवळच्या टेबलावर पुठ्ठा ठेवला आणि दांड्याचं मोठं भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिले. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मोय, हे?" म्हणजे, सुंदर आहे, नाही?

माझ्या पोटावर पाय आणणारं पाखरू, आणि हा माणूस मला त्याचं रूप दाखवतोय! पण भिंग हातात आलं की बघितलं जातंच. आणि खरं सांगते, सुंदर होतं. पुढचा अर्धा पंख ज्वारीच्या पिठाच्या रंगाचा, आणि तिथून एक काळसर रेघ ओलांडली की मागचा अर्धा चिंचेनं घासलेल्या तपेलीसारखा तांबूस, वर जांभळट झाक. मी ज्याला इतके दिवस मळकट म्हणत होते त्याच्या अंगावर असं नेसूचं होतं. ब्यूरमन सांगत होते आणि मी ऐकत होते. हे उडणारं पाखरू काही खात नाही. खाऊन घेते ती अळी. पाखराला आपले थोडे दिवस उडायचं, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि संपायचं. तांदळाच्या दाण्याएवढी अळी, ती प्लॅस्टिकची पिशवी कुरतडून बाहेर येते, आणि कोष विणायची वेळ झाली की भिंत चढून थेट छतापर्यंत जाते. केवढा तो जीव आणि केवढी ती भिंत! मला तिचं कौतुक वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं.

"तुम्ही त्या दिवशी एक वाक्य बोललात," ब्यूरमन म्हणाले. "ते डोक्यातून जाईना."

त्यांची सासू इंडोनेशियातून आलेली होती. त्यांच्या घरात 'इंडिश' म्हणजे सासूच्या हातची दहा वाट्यांची जेवणं. सासूकडे असलं पाखरू त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आणि शेजारीण म्हणते, ती इंडिश नाहीच. मग हे नाव कुणाचं? म्हणून त्यांनी पुन्हा पुस्तकं काढली, नेटवर शोधलं. शास्त्रात या पाखराच्या प्रजातीचं नाव प्लोडिया. मूळचं ते अमेरिकेतलं मानतात. इंग्रजीत त्याला 'इंडियन मील'चं पाखरू म्हणतात, आणि जुन्या अमेरिकेत 'इंडियन मील' म्हणजे मक्याचं पीठ. मका हे तिथल्या मूळ लोकांचं धान्य, आणि त्या लोकांना सगळे इंडियन म्हणत, कारण भारत शोधायला निघालेला एक खलाशी तिथे जाऊन पोचला आणि आपण भारतातच आलो असं समजून बसला.

"आणि मग आमच्यातल्या कुणी तरी 'इंडियन'चं 'इंडिश' केलं असणार," ब्यूरमन म्हणाले. "हा आपला माझा अंदाज."

मला इतकं हसू फुटलं की भिंग खाली ठेवावं लागलं. "म्हणजे हे पाखरू तुमच्या सासूबाईंचंही नाही आणि माझंही नाही!"

"नाही."

"वाट चुकला तो खलाशी, आणि बंद कुणाची घंटी पडली, तर माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

ती म्हण मी त्यांना डचमध्ये सांगायचा प्रयत्न केला. संन्यासी या शब्दाशी अडले आणि सोडून दिली. तेही हसत होते. मग हसता हसता थांबले. "मक्याचं पीठ," ते म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "मका." मला वाटलं, शब्दाचीच गंमत वाटतेय. मी तर मका दळतच नव्हते, आमच्या लोकांची मागणी ज्वारी-बाजरीची. पुठ्ठा तिथेच विसरून मी घरी आले. हसले होते खरी, पण बैठक तशीच डोक्यावर होती. नाव कुणाचंही असो, पीठ माझ्या घरात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात ब्यूरमन, हातात झाकणाची मोठी बादली, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली. तोंड उतरलेलं.

"झे झाइन फान माय," ते म्हणाले. ती माझी आहेत.

बाल्कनीतल्या कपाटात पक्ष्यांचा दाणा ठेवलेला होता. शेंगदाणे, सूर्यफुलाच्या बिया आणि मका. झाकण उघडलं तर आतून सगळं पांढऱ्या जाळीनं बांधलेलं, आणि जाळीत अळ्याच अळ्या. आईनं बघितलं असतं तर म्हणाली असती, हे बघ घर. मक्याचं पीठ तर घानाच्या बाईंकडेही असतं, ते ब्यूरमनांना पक्कं ठाऊक होतं, बाईंच्या हातचं खाल्लंय त्यांनी. पण आदल्या दिवशी 'मका' म्हटल्यावर ते बाईंच्या दारात गेले नाहीत. स्वतःच्या बाल्कनीत गेले.

"मी चूक केली," ते म्हणाले. "तुमच्याकडे आधी आलो. आता बाकीच्यांकडे जातो."

  मी नुसती दारात उभी राहिले आणि बघत राहिले. त्या उंच माणसानं घानाच्या बाईंची बेल वाजवली. बादलीवरचं प्लॅस्टिक सोडलं, झाकण किलकिलं केलं, आत दाखवलं. बाई किंचाळल्या. मग तेच वाक्य, झे झाइन फान माय. मग पुढचं दार. मग त्याच्या पुढचं. ज्या ज्या दारात जाऊन त्यांनी माझं नाव घेतलं होतं, त्या प्रत्येक दारात ते बादली घेऊन गेले. कोपऱ्यावरचा शेजारी "अहो, जाऊ द्या, होतं असं" म्हणाला, तेही मला ऐकू आलं आणि ब्यूरमनांचं उत्तरही. "जाऊ कसं द्यायचं? मी तुला सांगितलं होतं की तिच्याकडून येतात. ते खरं नव्हतं."

ती बादली कचऱ्यात टाकली असती तर कुणाला कळलं असतं? पक्ष्यांच्या दाण्याची चौकशी कोण करणार होतं? थोड्या दिवसांनी पाखरं आपोआप कमी झाली असती, आणि सगळ्यांनी म्हटलं असतं, बघा, घरघंटी बंद केली आणि पाखरं गेली. हे त्यांनाही दिसत असणार. इतकी वर्षं मेट्रो चालवलेला माणूस, पुढचं स्टेशन कुठलं हे त्याला कळत नसेल? तरीही तो दारोदार फिरला. मला त्या माणसाबद्दल त्या क्षणी जो आदर वाटला तो मी लपवून ठेवणार नाही. मोठमोठ्या सभांमधून समतेवर भाषणं करणारे मी पुष्कळ ऐकलेत, माझ्या लोकांतलेही आणि परकेही. पण घेतलेला आळ असा बादलीत घालून स्वतःच्या हातानं परत नेताना मी पहिल्यांदाच कुणाला पाहिलं.

बैठकीत तो विषय दोन वाक्यांत आटोपला. ब्यूरमनांनी जे घडलं ते सांगितलं, मशीनला कुणाची हरकत आहे का विचारलं, कुणाची नव्हती. घानाच्या बाई तर उलट मलाच रागावल्या, "मशीनवर बाहेरचंही दळून देतेस, हे मला आधी का नाही सांगितलंस?" मग सगळे लिफ्टच्या दुरुस्तीवरून भांडायला लागले, ते खरं मॉट.

आईला मी लगेच फोन केला. तिला बाकीचं काही नको होतं, इंडियन मील नको, खलाशी नको.

"आपणहून आला?"

"हो."

"कुणी बघितलं होतं का त्याची बादली?"

"कुणी नाही गं."

"आणि सगळ्यांच्या दारात गेला?"

"सगळ्यांच्या."

 मग आई म्हणाली, "जेवला का तो? एकटाच असतो म्हणतेस," आणि फोन ठेवून दिला.

पुढचं घडलं ते घंटी पुन्हा सुरू झाल्यानंतरच्या एका शनिवारी. फ्रिजशेजारी पिशव्यांची रांग लागली होती, साठलेली सगळी दळणं एकदम आली होती. फोन साखरेच्या डब्याला टेकलेला, त्यात आई. बेल वाजली. ब्यूरमन आले होते, हातात वाळलेल्या मक्याची पिशवी. चांगली आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवून आणलीय, असं त्यांनी दारातच जाहीर केलं. ज्या पिठापायी एवढं रामायण झालं ते इंडियन मील असतं तरी कसं, हे त्यांना एकदा बघायचं होतं. मी म्हटलं, नुसतं बघायचं कशाला, भाकरी करून घालते. त्यांनी फोनमधल्या आईला हात हलवला. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"हाच ना गं तो?"

"हाच."

"दळण घेऊन आलाय?"

"हो, मका."

आई खुर्चीत पुढे सरकली. "त्याचं आधी घाल."

"आई, रांगेत आधीच्या पिशव्या आहेत."

"असू देत. पहिलं त्याचं घाल. मी सांगते ना!"

तिचा आवाज असा होता की मी वाद घातला नाही. घंटीत ओतायला उचललेली पिशवी खाली ठेवली आणि ब्यूरमनांच्या पिशवीला हात घातला. त्यांनी ती मागे ओढली. रांगेकडे बोट दाखवलं, आणि आपली पिशवी नेऊन सगळ्यात शेवटच्या पिशवीमागे उभी केली.

"इक बेन नोख नीट आन द ब्योर्ट," ते म्हणाले आणि स्टूल ओढून बसले.

हे वाक्य इथे बेकरीत, औषधाच्या दुकानात, सगळीकडे ऐकू येतं. लहान पोरसुद्धा म्हणतं.

"काय म्हणतोय?" आईनं विचारलं. "का ठेवली मागं?"

"म्हणतोय, अजून माझा नंबर आला नाही."

आई त्या पिशवीकडे बघत राहिली. तिच्या मांडीवर मेथीची जुडी तशीच होती.  मग ती खुर्चीत मागे टेकली.

"बरोबर बोलतोय तो," ती म्हणाली. "नंबरानंच घे. मला तरी दुसरं काय पाहिजे होतं?"